फॉलोअपची गळती: आधी चक्र काढा, मग उपाय

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या तालुका ओपीडीत जुने पेशंट येईनासे झाले की शिबिर लावायचा मोह होतो. शिबिरातून नवे पेशंट येतात, डॉक्टर तेवढेच. रांग लांबते, जुने आणखी गळतात. जटिल व्यवस्थेत जोर लावला की हे असं उलटं फिरतं.

म्हणून आधी वैद्यकीय अधिकारी, समाजसेवक, औषधनिर्माता, केसपेपर काढणारा कर्मचारी, आशाताई आणि दोन नातेवाईक यांना दीड तास एकत्र बसवा. भिंतीवर कागद लावून कशामुळे काय होतं ते बाणांनी जोडा. बहुतेकदा निघतं ते असं: गोळ्या पंधरा दिवसांच्याच, म्हणून महिन्यातून दोनदा एसटीचं भाडं आणि मजुरीचं नुकसान; मग खाडा, मग आजार उलटतो, पेशंटला तातडीने आणतात, डॉक्टरांचा तास त्यात जातो आणि बाकीच्यांच्या वाट्याला दोन मिनिटं येतात. केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसाला आधी बोलू द्या. त्याला ठाऊक असतं ते अहवालात सापडत नाही.

चक्र कुठे तोडणं स्वस्त पडेल? इथे, स्थिर पेशंटना 30 दिवसांच्या गोळ्या देऊन. यातून आत्महत्येचा धोका असलेले, लिथियम या औषधाची रक्तपातळी अजून न बसलेले आणि क्लोझापिन हे औषध नव्याने सुरू झालेले (पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्ततपासणी) वगळा. कोण स्थिर, हे डॉक्टरच ठरवतील.

गाडी अडते ती औषधसाठ्यावर. सगळ्यांना एकदम 30 दिवस दिले तर पहिल्या पंधरवड्यात दुप्पट गोळ्या जातात. त्यात मागणीपत्र मागच्या खपावर भरलेलं, आणि त्या खपात गळालेले पेशंट धरलेलेच नसतात. रिकाम्या हाताने परतलेला पेशंट पुन्हा क्वचितच येतो. चार गट करा, दर पंधरवड्याला एकच गट बदला. मागणी रजिस्टरमधल्या सर्व चालू पेशंटच्या हिशेबाने भरा.

दर आठवड्याला ज्यांची तारीख होती त्या पेशंटपैकी सात दिवसांच्या आत किती आले, ते आलेखावर मांडा. बदलाआधीच्या 12 आठवड्यांचा मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) काढा. नंतरचे सलग सहा बिंदू त्याच्या वर गेले तरच फरक पडला म्हणा. सोबत तातडीने आणलेले पेशंटही मोजा.

हे काम दुसऱ्या तालुक्यात न्यायचं तर परिपत्रक पाठवू नका, एक नियम द्या: तारीख चुकली की तीन दिवसांत संपर्क. कसा, ते त्यांनी ठरवावं. काही गावांत आशाताई दारात आल्या की आळीभर कळतं; तिथे फोन बरा. पण फोन कुणीही उचलू शकतं, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयता हा पेशंटचा हक्क आहे. आजाराचं नाव घ्यायचं नाही, "तारीख होती" एवढंच सांगायचं.