काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा रंग बदलताना

मरीन ड्राइव्हवर काढलेल्या फोटोतली काळी-पिवळी निळी करून बघा, फोटोशॉपमधली खरी गोम लगेच कळते. ह्यू/सॅच्युरेशनची अ‍ॅडजस्टमेंट लेयर (मूळ फोटो न बदलता वर बसणारा थर) टाकून ह्यूचा, म्हणजे रंगछटेचा, स्लायडर सरकवला की पिवळं टप झटक्यात निळं होतं. खालची काळी बॉडी मात्र ढिम्म! काळ्या-पांढऱ्यात मुळात रंगच नसतो, मग फिरवणार काय?

अशा वेळी बॉडी सिलेक्ट करा, लेव्हल्सने (उजेड-अंधार कमीजास्त करणारी सोय) काळा जरा उजळून राखाडी करा आणि वर सॉलिड कलरची लेयर टाकून ब्लेंड मोड (वरची लेयर खालच्या चित्रात कशी मिसळायची ते) ‘कलर’ ठेवा. पत्र्यावरची चमक आणि सावल्या तशाच राहतात. गाडी पांढरी असेल तर लेव्हल्स नको, मोड ‘मल्टिप्लाय’ ठेवा. ‘कलर’ मोडमध्ये पांढरा पत्रा पांढराच राहतो.

लेयरच्या मास्कवर (लेयर कुठे दिसावी ते ठरवणारा पडदा) काळ्या ब्रशने काचा, दिवे, टायर वगळा. टॅक्सीची नंबर प्लेटही पिवळीच असते, ती वगळायची हमखास राहून जाते. मी एकदा निळ्या प्लेटसकट फोटो पाठवून दिला होता! दाराच्या फटीत जुना रंग डोकावतोच, तिथे झूम करून बारीक ब्रश फिरवा.