पावसाचा आलेख ऑनलाइन टाकताना: सॉफ्टवेअर कोणतं, फाइल कोणती

गावच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी तपासून, नीटनेटक्या करून सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) ठेवल्या आहेत, असं धरून चालतो.

सॉफ्टवेअर: बारा महिन्यांचा स्तंभालेख एकदाच काढायचा असेल तर लिब्रेऑफिस कॅल्क हे स्प्रेडशीट पुरे. तोच आलेख दर महिन्याला काढायचा असेल तर स्क्रिप्टला (एकदा लिहून पुन्हापुन्हा चालवता येणाऱ्या आज्ञांच्या फाइलला) पर्याय नाही. मॅटप्लॉटलिब (पायथनसाठी), जीजीप्लॉट२ (आर भाषेसाठी), ग्नूप्लॉट (स्वतंत्र प्रोग्रॅम), तिन्ही फुकट आहेत. येत असेल ते वापरा. ‘सगळ्यात चांगलं कोणतं’ या वादात दिवस घालवू नका.

फाइल: रेषा आणि स्तंभांसाठी एसव्हीजी (यात पिक्सेल नसतात, आकार आणि मजकूर लिहून ठेवलेले असतात). जिथे ते चढवता येत नाही (वर्डप्रेस मुळात घेत नाही) तिथे पीएनजी (तपशील न गमावता साठवलेलं पिक्सेलचं चित्र). लाखभर ठिपक्यांचा आलेख असेल तर थेट पीएनजीच, कारण एसव्हीजीत प्रत्येक ठिपका वेगळा लिहिला जातो आणि ब्राउझर अडखळतो. जेपेग आलेखासाठी कधीही नाही. ते चित्राचे ८×८ पिक्सेलचे तुकडे पाडून बारीक तपशील टाकून देतं. फोटोत हे खपतं. आलेखात मात्र काळ्या अक्षरांभोवती करडी धूळ उठते आणि रंगछटांच्या नकाशात कधी मोजलेच नव्हते असे आकडे दिसू लागतात. ‘क्वालिटी १०० ठेवा’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. सपाट रंगांच्या आलेखाची पीएनजी बहुतेक वेळा त्याहून लहानच होते.

आता अक्षरं. माझे सगळ्यात जास्त तास इथेच गेले आहेत.

‘डीपीआय (एका इंचातले पिक्सेल) ३०० करा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धवट आहे. पडद्यावर मोजले जातात ते पिक्सेल. मॅटप्लॉटलिबमध्ये ८ इंच रुंद चित्र १५० डीपीआयवर काढलंत तर रुंदी १२०० पिक्सेल होते आणि १० पॉइंटचं अक्षर जेमतेम २१ पिक्सेलचं. फोनचा ब्राउझर पानाची रुंदी साधारण ३६० पिक्सेल धरतो. त्यात चित्र बसवलं की अक्षर उरतं ६ पिक्सेलचं. कोण वाचणार? उपाय उलटा आहे: चित्राचे इंच कमी करा, डीपीआय वाढवा. ५ इंच आणि २४० डीपीआय घेतलं तरी रुंदी १२००च येते, पण तेच अक्षर ३३ पिक्सेलचं होतं आणि फोनवर १० चं दिसतं. अक्षाखालची नावं गर्दी करू लागली तर नावं कमी करा, अक्षर लहान करू नका.

दुसरी अडचण खास आपली. अक्षाला ‘पर्जन्यमान (मिमी)’ असं नाव द्या आणि चित्र नीट बघा. मॅटप्लॉटलिबच्या अनेक आवृत्त्यांत रफार चढत नाही, र पाय मोडून ज च्या आधी उभा राहतो, आणि ‘मि’ची वेलांटी म च्या मागे जाऊन बसते. लोक फॉन्ट बदलत बसतात. चांगला देवनागरी फॉन्ट तर लागतोच, पण तो असूनही हे होतं, कारण जोडाक्षरं जुळवण्याचं काम प्रोग्रॅमचं असतं. मॅटप्लॉटलिबची ‘एसव्हीजी.फॉन्टटाइप’ (svg.fonttype) ही सेटिंग ‘नन’ (none) करून एसव्हीजी काढा. मग मजकूर मजकूरच राहतो आणि ब्राउझर तो बरोबर जुळवतो. पीएनजी हवी असेल तर तीच फाइल इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमधून काढा. ग्नूप्लॉटवाल्यांनी ‘पीएनजीकायरो’ (pngcairo) हा चित्र काढण्याचा पर्याय वापरावा. ते देवनागरी नीट लिहितं. अक्षरं तुटतात म्हणून मराठी वाचकांसाठीच्या आलेखाला इंग्रजी नावं देऊ नका.

रंग: विरिडिस, म्हणजे जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत जाणारा रंगपट. मॅटप्लॉटलिबमध्ये २०१७ पासून तोच मूळ रंगपट आहे. इंद्रधनुषी ‘जेट’ टाळा, तो जिथे बदल नाही तिथे सीमा दाखवतो.

व्हॉट्सॲपवर पाठवताना फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलीत तर तिचं जेपेग होतं.

आलेखाखाली सीएसव्हीचा दुवा द्या. त्यात एकक लिहा, आणि नोंद नसलेल्या दिवशी शून्य भरू नका, रकाना रिकामा ठेवा.