क्यूओएस शिकताना: रांग नेमकी कोठे लागते?

क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजे क्यूओएस (जोडणीवर गर्दी झाली की कोणाला आधी जाऊ द्यायचे ते ठरवणे), हा विषय बहुतेक जण पाठांतरावर काढतात. इंटसर्व्ह या पद्धतीत आरएसव्हीपी या प्रोटोकॉलद्वारे प्रत्येक प्रवाहासाठी वाटेतल्या राउटरांवर क्षमता राखून ठेवायची, १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या डिफसर्व्ह या पद्धतीत प्रत्येक पॅकेटच्या, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्याच्या, शीर्षकातील सहा बिटांवर प्राधान्याची खूण करायची, आणि आवाजासाठी ईएफ ही खूण म्हणजे ४६; उत्तरपत्रिकेला एवढे पुरते. यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये ऐन कापसाच्या हंगामात फोनवरचा आवाज तुटू लागला, तेव्हा मला ते पुरले नाही.

तेथील इंटरनेट २० एमबीपीएसचे होते आणि राउटरचा बाहेरचा पोर्ट १०० चा. खूण होती, प्राधान्याची रांगही बांधली होती. तरीही सीसीटीव्हीचे चित्रण क्लाउडवर चढू लागले की काट्यावरच्या माणसाचे बोलणे समोरच्याला अर्धेमुर्धेच ऐकू जाई. कारण सावकाश समजून घ्या. राउटरला समोर १०० ची वाट दिसते, म्हणून आलेले प्रत्येक पॅकेट तो तत्काळ पुढे ढकलतो. त्याच्याकडे रांग लागतच नाही, मग प्राधान्य द्यायचे कोणाला? गर्दी होते ती सेवा पुरवठादाराच्या उपकरणात, आणि तेथे तुमच्या खुणेला सहसा कोणी विचारत नाही. म्हणून बाहेर जाणारा वेग आपणच शेपिंगने, म्हणजे जादा पॅकेट थोडा वेळ थांबवून ठेवून, १८ एमबीपीएसच्या आसपास बांधावा, म्हणजे रांग आपल्या राउटरवर येते, आणि प्राधान्याची रांग त्या शेपरच्या आत ठेवावी. शेपिंगऐवजी पोलिसिंग लावून हे साधत नाही, कारण ते जादा पॅकेट थांबवून न ठेवता टाकून देते.

जी.७११ या आवाजाच्या कोडेकवरील एका कॉलला आयपी शीर्षकांसह एका दिशेने सुमारे ८० केबीपीएस लागतात; २० एमबीपीएसपुढे ते नगण्यच. तरीही प्रत्येक तक्रारीवर ‘प्लॅन वाढवून घ्या’ म्हणणारे वरिष्ठ भेटतात. त्यांच्याकडून केबलिंग अवश्य शिकावे, क्यूओएस नव्हे. परीक्षेचे डंप, म्हणजे आयती प्रश्नोत्तरे, घोकणाऱ्यांना नोकरी लागते, हे खरे आहे. पण पहिल्याच साइटवर त्यांची पंचाईत होते.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. तालुक्याच्या गावी महागडी लॅब नसली, तरी लिनक्स घातलेले दोन जुने संगणक पुरतात: टीसी या लिनक्सच्या आज्ञेने वेग बांधा, आयपर्फ या चाचणीच्या साधनाने जोडणी गच्च भरा आणि त्याच वेळी पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ, पाहा. रिकाम्या जोडणीवरचा पिंग काहीच सांगत नाही. येणाऱ्या वाहतुकीवर मात्र असा पूर्ण ताबा मिळत नाही, कारण ती अरुंद वाट ओलांडूनच आपल्यापर्यंत पोहोचलेली असते. तेथे वेग थोडा कमी बांधून टीसीपीला, म्हणजे गर्दी जाणवली की वेग कमी करणाऱ्या प्रोटोकॉलला, मंदावायला लावणे, एवढेच आपल्या हाती असते.