वास गेला असं वाटलं तरी दुसरा फवारा थांबवा

पॅरिसच्या गेर्लां घराण्याचं (स्थापना १८२८) 'आप्रे लोंदे' हे १९०६ सालचं परफ्यूम फार हळुवार आहे. त्यात व्हायोलेटच्या फुलांचा भास आहे आणि मागून हेलिओट्रोप या फुलाची बदामासारखी गोडी येते. लावल्यावर थोड्याच वेळात "अरे, उडालं की!" असं वाटतं आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. जाऊ देऊ नका. व्हायोलेटचा हा गंध आयोनोन नावाच्या रेणूंमुळे येतो. त्यांना आपलं नाक पटकन सरावतं, वास काही काळ जाणवेनासा होतो आणि मग अचानक परत येतो. शेजारच्यांना मात्र तो येतच असतो! खरंच राहिलाय का, हे दुसऱ्या कुणाला तरी विचारा, नाहीतर थोडं बाहेर फिरून या.

त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, गंध जरा जास्त टिकतो. स्कार्फवरही छान टिकतो. रेशमावर मात्र डाग पडू शकतो, म्हणून आधी आतल्या कोपऱ्यावर फवारून बघा. बाटली बाथरूममध्ये नको, खोक्यातच कपाटात ठेवा. ऊन आणि उष्णतेने असली नाजूक परफ्यूम्स लवकर बिघडतात.

मिरवायला, दूरवर दरवळायला काही हवं असेल तर सरळ दुसरं घ्या. हे त्यासाठी नाही.