मायलोफायब्रोसिसची ट्रायल शोधायची कशी, वाचायची कशी आणि हो म्हणायच्या आधी काय विचारायचं

आमच्या मोठ्या काकांना मायलोफायब्रोसिस निघाला तेव्हा घरात कोणाला तो शब्दही धड बोलता येत नव्हता. त्यात डॉक्टर म्हणाले एक ट्रायल, म्हणजे नवीन औषधाची पेशंटवर होणारी चाचणी, चालू आहे, विचार करा, तर काकू एकदम म्हणाल्या, "म्हणजे यांच्यावर प्रयोग करणार का?" तेव्हापासून वाचत, विचारत जी पद्धत बसली ती इथे लिहितोय. ट्रायलमध्ये जा किंवा जाऊ नका हे मी सांगत नाहीये, ते तुम्ही आणि तुमचे हिमॅटॉलॉजिस्ट (रक्ताच्या आजारांचे डॉक्टर) मिळून ठरवाल.

आजार थोडक्यात असा, की हाडातल्या मज्जेत, जिथे रक्त तयार होतं, तिथे चिवट धाग्यांचं जाळं वाढतं, मग रक्त बनवायचं काम पाणथरीवर (स्प्लीनवर) येऊन पडतं आणि ती फुगते. दोन घासात पोट भरतं, रात्री घाम, अंगाला खाज, हिमोग्लोबिन खाली. मुळापासून बरा करू शकेल असा उपाय एकच, दुसऱ्याच्या स्टेम सेल घेऊन केलेलं ट्रान्सप्लांट, पण ते वयामुळे किंवा तब्येतीमुळे खूप जणांना झेपत नाही.

पहिलं काम : फाइल लावा

बोन मॅरो बायोप्सीचा रिपोर्ट (त्यात फायब्रोसिसची ग्रेड लिहिलेली असते), जॅक-टू, सीएएलआर आणि एमपीएल या तीन जीन्सचे रिपोर्ट, गेल्या सहा महिन्यांचे सीबीसी, आणि एका कागदावर रक्ताच्या बाटल्या चढवल्याच्या तारखा. हा शेवटचा कागद कोणी मागत नाही म्हणून कोणी ठेवत नाही, पण सगळ्यात जास्त कामाला तोच येतो. आणि प्लेटलेटचा आकडा पाठ करा. रक्सोलिटिनिब या मायलोफायब्रोसिसच्या औषधाच्या मूळ ट्रायलमध्ये किमान एक लाख प्लेटलेट लागायचे, काकांचे होते ब्याऐंशी हजार. अशी अट आधी बघितली असती तर कऱ्हाडहून मुंबईची एक अख्खी फेरी वाचली असती.

मग शोधा

भारतात क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे सीटीआरआय, २००७ पासून आहे आणि कोणालाही फुकट बघता येते. आजाराचं नाव इंग्रजी स्पेलिंगने टाकून शोधा. भारतात भरती चालू आहे की बंद, कुठल्या हॉस्पिटलात, तिथल्या डॉक्टरांचा फोन, कोणाला घेणार आणि कोणाला नाही, सगळं तिथे असतं. ते पान प्रिंट करून तुमच्या डॉक्टरांकडे न्या.

आता खरं वाचन : ट्रायल मोजतेय काय?

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या पानावर प्रायमरी आउटकम नावाचा रकाना असतो, तो बोट ठेवून वाचा. मायलोफायब्रोसिसच्या बहुतेक मोठ्या ट्रायल एकच गोष्ट मोजत आल्यात, २४ आठवड्यांत पाणथरीचा आकार ३५ टक्के किंवा जास्त कमी झाला का. रक्सोलिटिनिब याच मोजमापावर २०११ मध्ये अमेरिकेत पास झालं, तिथल्या ट्रायलमध्ये औषध घेणाऱ्या ४१.९ टक्के लोकांची पाणथरी तेवढी कमी झाली आणि प्लासिबोवाल्यांत (ज्यांना औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली) ०.७ टक्के. मोठी गोष्ट होती ती. पण त्याच औषधाने सुरुवातीला हिमोग्लोबिन अजून खाली जाऊ शकतं, आणि काकांचा मुख्य त्रास तर तोच होता, दर तीन आठवड्यांनी रक्त. नंतर रक्सोलिटिनिबसोबत नवीन औषध जोडून मोठ्या ट्रायल झाल्या, नॅव्हिटोक्लॅक्सची आणि पेलाब्रेसिबची, दोन्हीत पाणथरी कमी होणाऱ्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं, पण पेशंटला जाणवणाऱ्या त्रासाच्या स्कोअरमध्ये खात्रीने म्हणता येईल असा फरक दिसला नाही. उलट मोमेलोटिनिब या दुसऱ्या औषधाची एक ट्रायल ॲनिमिया असलेल्या पेशंटचीच होती, तिथे आधी त्रासाचा स्कोअर मोजला आणि रक्त चढवावं लागतं का तेही बघितलं, ते औषध २०२३ मध्ये अमेरिकेत पास झालं. म्हणून आधी घरी बसून पेशंटलाच विचारा, तुम्हाला सगळ्यात जास्त काय छळतंय, आणि मग बघा ट्रायल तेच मोजतेय का.

समोरच्या गटाला काय मिळणार

चिठ्ठी टाकल्यासारखं कॉम्प्युटर ठरवतो तुम्ही कुठल्या गटात जाणार, डॉक्टरांच्या हातात नसतं. म्हणून विचारा की दुसऱ्या गटाला नेहमीचं औषध मिळणार का नुसता प्लासिबो, आणि काही महिन्यांनी त्यांनाही नवीन औषध देणार का. चालू औषध थांबवावं लागणार का हेही विचारा, कारण रक्सोलिटिनिब एकदम बंद केलं तर काही दिवसांत सगळा त्रास जोरात परत येऊ शकतो, ते हळूहळू कसं उतरवणार हे लिहून घ्या.

संमतीपत्र

मराठीत मागा, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत माहिती मिळणं हा तुमचा हक्क आहे. लगेच सही करू नका, घरी आणा, घरातल्या कोणीतरी मोठ्याने वाचा, न कळलेल्या ओळीखाली रेघ मारा. सही झाल्यावर एक कॉपी तुम्हाला मिळायलाच हवी. फॉर्ममध्ये नॉमिनीचं नाव विचारतात, ते बघून काकू रडायलाच लागल्या होत्या, पण ते नुकसानभरपाईसाठी असतं. २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि स्पॉन्सरने, म्हणजे ट्रायल चालवणाऱ्या कंपनीने किंवा संस्थेने, भरपाई द्यायची असते. काही झालं तर कोणाला फोन करायचा तेही फॉर्ममध्ये असतं, तो नंबर फ्रिजवर चिकटवा.

आणि साध्या गोष्टी पण विचारा, संकोच करू नका : महिन्यात किती फेऱ्या, प्रवासखर्च मिळणार का, एमआरआय आणि परत बायोप्सी किती वेळा, ट्रायल संपल्यावर औषध चालू राहणार का. ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर ट्रायलमुळे तो लांबणार का हे सगळ्यात आधी विचारा, भावंडांची मॅचिंग टेस्ट तेवढ्यात करून ठेवता येते.

मधेच सोडायचं असेल तर कारण न देताही सोडता येतं, नेहमीचे उपचार त्यामुळे बंद होत नाहीत. फक्त गोळ्या मनाने थांबवू नका, आधी ट्रायलच्या डॉक्टरांना फोन करा आणि शेवटची तपासणी करून घ्या, तिचे रिपोर्ट पुन्हा त्याच फाइलला लावा.