फुलदाणीतून पाणी का गळतं? कौटुंबिक विनोदी मालिका मनोविश्लेषणाच्या नजरेने कशी पाहावी

मनोविश्लेषण करत मालिका पाहायची म्हटलं की बहुतेकांचा एकच खेळ सुरू होतो. लांबडं काही दिसलं की ते पुरुषाचं ‘हे’, पोकळ काही दिसलं की ते स्त्रीचं ‘ते’. पाच मिनिटांत त्याचा कंटाळा येतो आणि मालिकेबद्दल नवं काहीच हाती लागत नाही. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड, खुद्द त्यानेच स्वप्नांवरच्या आपल्या पुस्तकात बजावलं होतं, की नुसत्या प्रतीकांच्या यादीवरून अर्थ लावू नका, स्वप्न पाहणाऱ्याला त्यावरून काय आठवतं ते ऐका. मालिका काही रुग्णासारखी कोचावर आडवी होऊन बोलत नाही. तिच्या आठवणी म्हणजे तिचेच मागचे-पुढचे भाग.

सरावासाठी मी ‘द ब्रेडी बंच’ घेतली आहे. अमेरिकेत एबीसी वाहिनीवर २६ सप्टेंबर १९६९ ते ८ मार्च १९७४ या काळात तिचे ११७ भाग झाले. माइक ब्रेडी हा वास्तुविशारद, त्याला तीन मुलगे. कॅरलला तीन मुली. दोघं लग्न करतात आणि घरकाम पाहणाऱ्या अॅलिससकट नऊ जणांचा संसार सुरू होतो. मालिका इतकी गोड आहे, की गोडव्याच्या खाली काय दडपलंय हा प्रश्न आपोआप पडतो.

पहिली पायरी: काय नाही ते लिहा

भाग एकदा नुसता हसण्यासाठी पाहून घ्या. दुसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि जे असायला हवं होतं पण दिसत नाही, त्याचीच नोंद करा. नवशिका इथेच घाई करतो, दिसणाऱ्या वस्तूंवर तुटून पडतो.

ब्रेडींच्या घरात सगळ्यात मोठी अनुपस्थिती आहे आधीच्या जोडीदारांची. पहिल्याच भागात एक छोटा प्रसंग आहे. धाकटा बॉबी आपल्या वारलेल्या आईचा फोटो बाजूला ठेवून देतो, कारण नव्या आईला वाईट वाटेल असं त्याला वाटतं. तुझ्या आईला विसरायची गरज नाही, असं वडील त्याला सांगतात. इथपर्यंत ठीक. पण पुढे ती आई मालिकेतून जवळजवळ पुसलीच जाते. कॅरलच्या पहिल्या नवऱ्याचं काय झालं, हे तर कधीच सांगितलं जात नाही. निर्माते शेरवुड श्वार्ट्झ यांना ती घटस्फोटित दाखवायची होती, वाहिनीला ते नको होतं. मग विषयच गुंडाळला गेला. एका माणसाचं मन जे दमन करतं, म्हणजे नकोसं ते जाणिवेबाहेर ढकलतं, ते इथे वाहिनीच्या कार्यालयाने केलं. त्या दोघांत मला फारसा फरक दिसत नाही.

मुलामुलींच्या सामाईक न्हाणीघरात कमोड दाखवलेला नाही, हेही लिहून ठेवा. सहा मुलांच्या घरात!

दुसरी पायरी: एकच वस्तू धरा आणि तिचा पाठलाग करा

दहा प्रतीकं गोळा करू नका. एकच निवडा, आणि तीही अशी, की ती काढून टाकली तर कथा कोलमडेल.

१९७० मधला एक भाग घ्या. घरात बास्केटबॉल खेळताना माइकच्या मधल्या मुलाच्या, पीटरच्या हातून कॅरलची आवडती फुलदाणी फुटते. त्याला लवकरच सहलीला जायचं असतं, म्हणून भावंडं मिळून तुकडे चिकटवतात. कॅरल कौतुकाने तिच्यात फुलं ठेवते, आणि चिरांमधून पाणी गळायला लागतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, तसंच. फ्रॉइडला हेच म्हणायचं होतं: दडपलेलं नाहीसं होत नाही, वाट बदलून परत येतं. इथे तर ते अक्षरशः टपकतं.

आता फुलदाणी म्हणजे काय? पोकळ भांडी फ्रॉइडने स्त्रीदेहाच्या प्रतीकांत घातली होती. म्हणजे सावत्र मुलाने नव्या आईलाच तडा दिला, असा अर्थ निघतो. चटकदार आहे, पण मला तो अर्धाच पटतो. फुलदाणी कोण चिकटवतंय ते पाहा. माइकची तीन आणि कॅरलची तीन, दोन वेगळ्या घरांची मुलं एका वस्तूचे तुकडे जोडत आहेत. हे कुटुंबच तसं जोडलेलं आहे, आणि दुरून ते अखंडच दिसतं. एका वस्तूत दोन-तीन अर्थ कोंबले जाणं याला फ्रॉइड संक्षेपण म्हणतो. दोन्ही अर्थ ठेवा. एकाला हाकलून देण्याची गरज नाही.

तिसरी पायरी: कुणाच्या तोंडून कोण बोलतंय ते ऐका

त्याच भागात बॉबी म्हणतो, घरात चेंडू खेळायचा नाही असं आई नेहमी सांगते. आई तिथे नसते. तिचं वाक्य मुलाच्या तोंडात जाऊन बसलंय. सुपरइगो, म्हणजे आपल्याला आतून दटावणारा मनाचा भाग, कसा तयार होतो, हे याहून सोपं करून सांगता येणार नाही.

पुढे तर मजाच आहे. पीटरला वाचवायला बाकीची भावंडं एकेक करून गुन्हा कबूल करतात. कबूल न करणारा एकटा पीटरच उरतो, त्यामुळे आईवडिलांना उमगायचं ते उमगतं. पण ते त्याला रागवत नाहीत. भावंडांना शिक्षा काय द्यायची, हे ठरवायचं काम ते त्यालाच देतात. गुन्हेगारालाच न्यायाधीश केलं जातं, आणि शेवटी त्याचं मन त्याला गप्प बसू देत नाही. ध्वनिमुद्रित हसू मागे चालूच असतं, म्हणून हा प्रसंग किती कठोर आहे हे पटकन लक्षात येत नाही. आवाज बंद करून पाहा.

चौथी पायरी: घराकडे बघा

घर म्हणजे माणूस, हे फ्रॉइडच्या लाडक्या समीकरणांपैकी एक. बाहेरून दिसणारं ब्रेडींचं घर लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ सिटी भागातलं खरं घर आहे, आतलं सगळं मात्र स्टुडिओतलं. बाहेरचं घर आतल्या दुमजली सेटशी जुळेना, म्हणून चित्रीकरणासाठी त्याला वर एक खोटी खिडकी लावली होती. यावर मी जास्त काही बोलत नाही, फक्त नोंद करा.

पाचवी पायरी: अर्थ मोडून पाहा

वस्तू बदलून बघा. फुलदाणीऐवजी टेबलावरचा दिवा फुटला असता तर? पाणी गळलं नसतं, सगळ्यांसमोर गुपित फुटलं नसतं. म्हणजे फुलदाणीचा अर्थ टिकतो.

आता १९७३ मधला भाग. भाऊ फुटबॉल खेळत असतात आणि चेंडू थोरल्या बहिणीच्या, मार्शाच्या नाकावर आदळतो, तेही एका लोकप्रिय मुलाबरोबर फिरायला जायच्या आधी. फ्रॉइडचा जुना मित्र विल्हेल्म फ्लीस नाकाचा संबंध थेट जननेंद्रियांशी लावायचा. पुन्हा चेंडू, पुन्हा घरातलीच स्त्री, पुन्हा जखम. मोह जबरदस्त होतो. पण नाकाऐवजी डोळा सुजला असता तरी कथा जशीच्या तशी चालली असती, आणि दोन भागांत दोन वर्षांहून जास्त अंतर आहे. माझ्या वहीत त्या भागापुढे अजून पेन्सिलीने काढलेलं प्रश्नचिन्हच आहे.