‘एंड्स’ऐवजी कोणता शब्द घ्यावा?

इंग्रजीत ‘एंड्स’ म्हणजे साध्ये. शब्द जुन्या वळणाचा. आजच्या अर्जात किंवा अहवालात तो उगाच भारदस्त वाटतो. बदलण्याआधी शेजारचं क्रियापद पाहा, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. ‘सर्व्ह’ असेल तर ‘पर्पज’ घ्या, ‘अचीव्ह’ असेल तर ‘गोल’ किंवा ‘ऑब्जेक्टिव्ह’. ‘अचीव्ह अ पर्पज’ चुकीचं नाही, पण अवघडलेलं वाटतं.

प्रकल्प अहवालात ‘एम’ (aim) एकच ठेवा, कामाची दिशा सांगणारा. त्याखाली तीन-चार ‘ऑब्जेक्टिव्ह्ज’ द्या. प्रत्येकाची सुरुवात ‘टु’ आणि मोजता येईल अशा क्रियापदाने करा. ‘टु अंडरस्टँड’ टाळा, समजलं की नाही हे मोजणार कसं? ‘टु कम्पेअर’ चालेल. संस्थेच्या घटनेत मात्र ‘ऑब्जेक्ट्स’च लिहा, १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्यातला शब्द तोच आहे. हेतू या अर्थी ‘डिझाइन्स’ जपून वापरा, त्याला कपटाचा वास येतो.

‘एंड्स ऑफ जस्टिस’ला हात लावू नका; दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५१ मधली ती ठरलेली शब्दयोजना आहे. आणि ‘मेक एंड्स मीट’ म्हणजे खर्चाची तोंडमिळवणी. तिथे ‘गोल्स’ घातलं तर वाक्याचा अर्थच जातो.